आईचं बारीक सूत

या, असे आत या. एक पाय उंबऱ्याच्या आत नि एक बाहेर ठेवून विणकामाच्या गोष्टी ऐकायच्या नसतात. आणि अहो, तो स्वेटर मानेला धरून खुंटीला काय अडकवलात? खांदे ओघळतात त्याचे, दोन हिवाळ्यांत पोतं होतं. घडी घाला नि मांडीवर घ्या. विकतचा आहे म्हणता? असू दे की. यंत्रापुढेही कुणीतरी बाई बसलीच असेल, तिची पाठ दुखलीच असेल... हं. आता सरका जवळ, मला ओरडून बोलवत नाही हल्ली.

आमच्या इथे, धायरीच्या या सोसायटीत, शनिवारी खालच्या हॉलमध्ये मुली जमतात आणि विणत बसतात. मुली म्हणजे तिशी-पस्तिशीच्या, नोकरी करणाऱ्या. एकीने तर छोटासा चरखाही मागवलाय. "आजी, हा माझा तिसरा प्रोजेक्ट," असं एक जण मला सांगते. विणलं की मन शांत होतं म्हणे. होत असेल. मी त्यांचा सुटलेला टाका उचलून देते, गळा कसा घटवायचा ते दाखवते, त्यांच्या हातांतले ते जांभळे, मोरपंखी, आंब्याच्या कोयीसारखे पिवळे गुंडे डोळे भरून बघते, आणि लिफ्टने वर येऊन खिडकीशी बसले की दर शनिवारी मला तीच एक दोरी दिसते — कपडे वाळत घालायची.

नारायण पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांपुढे सामाईक गॅलरी होती आणि त्या गॅलरीत ही दोरी. तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरंच पांढरं. अण्णांचे सदरे पांढरे, धोतरं पांढरी, आईची लुगडी पांढरी — काठ तेवढे कावेत बुडवल्यासारखे — आणि माझे झगेही पांढरेच. शेजारच्या दोऱ्यांवर चिटाची परकर-पोलकी, निळ्या चौकटीचे टॉवेल, हिरवी चोळी असं काय काय फडफडत असायचं. आमची दोरी मात्र हिवाळ्याच्या स्वच्छ उन्हात अशी लखलखायची, की मला वाटे, आमच्या घरात कुणाचं तरी कायमचं सुतक चालू आहे.

अण्णा म्हणजे माझे वडील, शाळेत कताईचे मास्तर. तेव्हा शाळेत टकळी आणि चरखा हा शिकवायचा विषयच असे. बेचाळीसच्या चळवळीत ते तुरुंगात जाऊन आलेले; पकडले गेले त्या दिवशी उजव्या मनगटावर लाठी बसली, ती कायमची बसली. स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली तशी आजूबाजूच्या माणसांनी आपली खादी हळूहळू ट्रंकेच्या तळाशी नेऊन ठेवली. अण्णांनी उलट व्रत घेतलं — घरात कातलेल्या सुताखेरीज दुसरा धागा घरातल्या माणसाच्या अंगाला लागायचा नाही. सूत कातायचं, फाळक्याच्या लाकडी चौकटीवर गुंडाळून त्याच्या लडीसारख्या गुंड्या बांधायच्या, विणकराकडे द्यायच्या, आणि त्याच सुताचं कापड अंगावर घालायचं. ऐकायला किती निर्मळ वाटतं... पण तीन माणसांचं वर्षाचं कापड म्हणजे किती सूत, आणि ते कातायचं कुणी?

अण्णा कातायचे, नाही असं नाही. पहाटे स्नान करून अर्धा तास पेटीचरख्यापुढे बसत. पण मनगट वळायचं नाही. धागा ओढता ओढता मध्येच हिसका बसे, सूत तुटे, नाहीतर त्यात गाठाळ, फुगीर असा जाड तुकडा राही. मग ते चरख्याच्या चाकावरची माळ सैल आहे म्हणत, सूत भरतं त्या चातीला तेल घालत, कापसाचे पेळू नीट पिंजलेले नाहीत म्हणत. मनगटाचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. आणि त्यांच्या उरलेल्या साऱ्या व्रताचं सूत आई कातायची — भाकऱ्या झाल्यावर, धुणं झाल्यावर, माझी वेणी घातल्यावर, निवडणं-टिपणं झाल्यावर. तिचा धागा मी अजून विसरले नाही. कापसाच्या त्या पांढऱ्या पेळूतून तो असा निघत जाई, की कापूस संपला कुठे आणि सूत सुरू झालं कुठे ते डोळ्यांना कळू नये. केसाहून थोडा जाड, अखंड, सारखा. चातीवरच्या तेलाचा आणि कापसातल्या सरकीच्या कणांचा मिळून एक कोरडा, किंचित उग्र वास खोलीभर असायचा. आई कातताना ओठ मिटून घेई. इतकं सुंदर सूत कातणारी माझी आई, पण कातताना तिच्या चेहऱ्यावर काहीही नसे. भांडी घासताना असतो तसा चेहरा.

गॅलरीच्या शेवटच्या खोलीत ईश्वरीबाई राहायच्या. सिंधमधलं सगळं मागे टाकून आलेलं कुटुंब. बरोबर काय आणलं, तर एक पत्र्याची ट्रंक, आणि तीत भांडी नव्हेत, दागिने नव्हेत — लोकर! "घर सोडताना हातात आलं ते उचललं," त्या हसून सांगायच्या. "बहन सोना घेऊन आली, मी पागल ऊन घेऊन आली." ऊन म्हणजे त्यांच्या बोलीत लोकर. दुपारी गॅलरीत उन्हाच्या तुकड्यात बसून त्या विणायच्या आणि बोलायच्या, आणि त्यांचे हात त्यांच्याकडे न बघताच चालायचे. आई पहिल्यांदा नुसती उभी राहून बघत होती. मग शेजारी टेकली. मग एक दिवस ईश्वरीबाईंनी तिच्या हातात दोन सुया दिल्या. सुया कसल्या, अण्णांच्या सायकलीचे दोन मोडके स्पोक! पायरीच्या दगडावर घासघासून त्यांना टोकं काढली होती.

अण्णा शाळेत गेले की दुपार आमची असे. ईश्वरीबाईंनी आपल्या विणकामातून उरलेले लहान लहान गुंडे आईला दिले — कुंकवासारखा लाल, चिंतामणी निळा, शेवाळी, नारिंगी, आणखी कसले कसले. कुठलाच रंग चार बोटांच्या पट्टीपलीकडे पुरणारा नव्हता. म्हणून आईने पट्ट्यापट्ट्यांचाच स्वेटर विणायला घेतला, माझ्या मापाचा. थंडीत तिची बोटं उलायची आणि उललेल्या कातड्यात लोकरीचा तंतू अडकायचा, म्हणून विणायला बसण्यापूर्वी ती कोकमाच्या तेलाचा गोळा शेगडीशी धरून बोटांना चोळायची. लोकर लपवलेली असे पोह्यांच्या रिकाम्या डब्यात. डबा उघडला की पोह्यांचा भुसकट वास, ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा वास आणि कोकमाचा आंबूस वास... ते सारं मिळून माझ्या लेखी सुखाचा वास होता. आणि आईचा चेहरा! ओठ मिटलेले नसत, हलत असत — दोन सुलट, दोन उलट. ती मध्येच थांबे, माझ्या पाठीला लावून माप बघे, आणि "वाढू नको गं इतक्यात, लोकर संपतेय," म्हणून हसे. आईला दात किती सुरेख होते ते मला त्या हिवाळ्यात कळलं.

"अण्णांना सांगायचं नाही हं," एवढंच ती म्हणाली होती. एकदाच. मी मान डोलावली होती.

फेब्रुवारीत राष्ट्रपित्याच्या स्मृतीला सूतांजली वाहायची पद्धत होती. नदीकाठच्या मैदानात सकाळी लोक जमत, भजन होई, आणि प्रत्येकाने आपल्या हातांनी कातलेल्या सुताची एक गुंडी वाहायची. गुंडीला नावाची चिठ्ठी बांधलेली असे. कताईच्या मास्तरांची गुंडी म्हणजे काय, तिच्याकडे सगळ्यांचं लक्ष. दरवर्षी अण्णांच्या गुंडीची वाहवा होई. या चिठ्ठ्या आई बांधत असे. त्या वर्षी तिच्या बोटांना भाताच्या पेजेची वाफ लागली होती, माझं अक्षर बरं होतं, म्हणून ती मला म्हणाली, "सुमे, तूच लिही यंदा. बारीक सुताच्या गुंडीला अण्णांचं नाव, जाडीला माझं."

मी नऊ वर्षांची होते. बारीक सूत कुणाचं, ते मला ठाऊक होतं. मला वाटलं, आई चुकली. भाताच्या धांदलीत उलटसुलट बोलून गेली. आणि सत्य सगळ्यांत आधी, हे अण्णांनीच तर शिकवलेलं... मी मुकाट्याने आईची चूक सुधारली. बारीकला आईचं नाव, जाडीला अण्णांचं. वळणदार अक्षरात. वर फुलीची नक्षीसुद्धा काढली.

मैदानात दव होतं, गवताने पाय भिजले होते. एक वृद्ध कार्यकर्ते एकेक गुंडी उचलून नाव वाचत होते. आईची गुंडी त्यांनी उन्हाकडे धरली, दोन बोटांत धागा फिरवला आणि म्हणाले, "वा वा, मास्तरीणबाई! हे सूत की केवडा?" लोक वळून बघायला लागले. मग त्यांनी दुसरी उचलली, चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली. "काय मास्तर, यंदा विहिरीचा दोर वळलात वाटतं? मुलांना शिकवता ते हेच का?"

सगळे हसले. पुण्यातलं हसणं ते — मोठ्याने नाही, नेमकं. अण्णाही हसले. आजवर मी पुष्कळ रडणारी माणसं पाहिलीत, पण त्या हसण्याइतकं वाईट मी काही बघितलं नाही. मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती. रागाने नव्हे... खाली कुठेतरी टाका सुटलेला दिसावा आणि हात तिथवर पोहोचू नये, तसं. तेव्हा मला कळलं, की आई चुकली नव्हती. आई कधीच चुकत नव्हती. दरवर्षी ती गुंड्या बदलत होती, आणि अण्णा दरवर्षी ते बघून न बघितल्यासारखं करत होते, आणि दोघं त्याबद्दल एक शब्द बोलत नव्हती. त्यांच्या संसारात प्रेम म्हणण्यासारखं जे काही होतं, ते बहुधा तेवढंच होतं. मी त्याला चिठ्ठी बांधली.

घरी आल्यावर अण्णा जेवले नाहीत. चरख्यापुढे बसले, पण पेटी उघडली नाही. उजवं मनगट डाव्या हातात धरून बसले होते. आई ताटं झाकून भिंतीशी उभी. मला काहीतरी करायचं होतं. नऊ वर्षांच्या मुलीजवळ माणसाला आनंदी करायला असतं काय? तिला ज्याने आनंद होतो ते. मी फळीवरून पोह्यांचा डबा काढला, आणि तो अर्धवट स्वेटर — एका बाहीचा, सात रंगांचा — अण्णांच्या मांडीवर नेऊन ठेवला. म्हटलं, "अण्णा, बघा ना, किती छान. आई करते दुपारी."

त्यांनी तो उचलला. उलटा करून पाहिला, खिडकीशी धरून पाहिला. आत मास्तर होताच, तो गप्प बसेना. "वीण सारखी आहे," म्हणाले. मग आईला विचारलं, "लोकर कुणाची?"

"ईश्वरीबाईंची. उरलेली."

"आणि या सुया?"

"तुमच्या सायकलीचे स्पोक."

"अच्छा. म्हणजे सुया तेवढ्या घरच्या." स्वेटर मांडीवर ठेवून म्हणाले, "आपल्या घरात काय अंगावर घालायचं, हे ठरलं होतं ना?"

आईने पदर नीट केला. "ठरलं नव्हतं. तुम्ही ठरवलं होतंत."

उभ्या जन्मात तिने त्यांना दिलेलं हे एकच उत्तर मी ऐकलं. अण्णांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मैदानातल्यासारखंच किंचित हसून त्यांनी स्वेटर तिच्यापुढे केला. "उसव."

तिने मला समोर बसवलं. म्हणाली, "हात धर." मी दोन्ही हात पुढे केले आणि ती माझ्या मनगटांभोवती लोकर गुंडाळत गेली. आधी निळी आली. मग नारिंगी. प्रत्येक रंगाच्या शेवटी तिने घातलेली बारकी गाठ होती. ती नखाने सोडवायची, आणि पुढचा रंग सुरू. उसवतानासुद्धा तिचे ओठ हलत होते. ती टाके मोजत होती की काय, कोण जाणे. चार महिन्यांचं काम होतं. शेगडीवरच्या पाण्याला आधण यायच्या आत संपलं. उसवलेली लोकर सरळ राहत नाही, तुम्हाला माहीत असेल. वळणं वळणं राहतात तिच्यात.

ती परत द्यायला मलाच पाठवलं. ईश्वरीबाईंनी लोकर हातात घेतली, ती वळणं बोटांनी ओढून पाहिली. मग म्हणाल्या, "बेटी, मी दिली ती ही नाही. मी दिली ती सीधी होती. ह्याच्यात तुझ्या माँचे टाके आहेत." धुऊन, वजन बांधून टांगली की लोकर सरळ होते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? पण त्यांनी ती धुतली नाही. खोली सोडून गेल्या तोवर ती तशीच त्यांच्या खिळ्याला होती, आणि आई गॅलरीच्या त्या टोकाला जायची बंद झाली होती.

आता पुढचं सांगते ते नीट ऐका, कारण हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्या दिवसानंतर आईचं सूत बिघडलं. तीच आई, तोच चरखा, तेच पेळू; पण धाग्यात गाठी यायला लागल्या, फुगीर तुकडे यायला लागले, थेट अण्णांच्या सुतासारखे. पुढच्या वर्षी सूतांजलीला दोन गुंड्या माझ्यापुढे ठेवल्या आणि आई म्हणाली, "लिही नावं." मी कितीतरी वेळ त्या दोन्ही हातांत घेऊन बसले. कोणती कुणाची, ओळखू येईना. मी कुठलीही चिठ्ठी कुठेही बांधली. खरं-खोटं काही उरलंच नव्हतं.

अण्णांनी पुढे जन्मभर त्या सुताचे सदरे घातले. जाडेभरडे, मानेला घासणारे. उन्हाळ्यात मानेमागे लाल वळ उठत. आई रात्रीच्या जेवणाआधी तिथे खोबरेल लावून द्यायची. काय म्हणायचं याला? त्यांना कळलं होतं का? मी लग्न होऊन गेले होते, माहेरपणाला आले होते, तेव्हा एकदा वर्तमानपत्राची घडी घालता घालता ते मला म्हणाले, "हिचा हात पूर्वी फार बारीक होता गं." एवढंच. मला वाटतं तेवढं बोलायलाही त्यांना वीस वर्षं लागली.

विणकाम मला आईने शिकवलं नाही. सातवीला शाळा सुटली, तसं पुढचं सगळं मी इकडून-तिकडून शिकले — मासिकातल्या आकृत्या बघून, शेजारणींच्या मागे लागून, चुकून, उसवून. अण्णा गेल्यावर मी लक्ष्मी रोडवरून आईसाठी लोकर आणली. सगळे रंग आणले. चांगल्या स्टीलच्या सुया आणल्या. तिने गुंडे एकेक करून हुंगले, म्हणाली, "डांबराचा वास नाही हिला." मग म्हणाली, "टाके घालून दे." मी चाळीस टाके घालून दिले. तिने दोन ओळी विणल्या — सत्तरीची बाई, एका डोळ्यावर मोतीबिंदूचा पडदा — आणि मी पाहिलं, एक टाका मागेपुढे नाही, एक सैल नाही. जणू काल दुपारीच सुया खाली ठेवल्या होत्या. दोन ओळी झाल्यावर तिने सगळं माझ्या मांडीवर ठेवलं. "येतं हो अजून," म्हणाली. "तेवढंच बघायचं होतं."

मी विचारलं, "मग सूत का बिघडलं गं तुझं?"

"बिघडतो हात कधीकधी," असं म्हणून ती चहा टाकायला उठली.

माझं चुकलं, हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं. स्वयंपाकघर चार पावलांवर होतं. चहा उकळेपर्यंतचा वेळ होता. मी आलं किसून दिलं, साखर पुरे का म्हणून विचारलं, आणि कप धुतले... त्यानंतर दोन हिवाळे ती होती, आणि मी दर भेटीत कप धुतले.

आता मी खूप विणते. नातवंडांना, सुनेला, वॉचमनच्या मुलीला. सून म्हणते, "आई, किती छान केलंत हो!" आणि कपाटात ठेवते. पुण्यात आता थंडी तरी कुठे पडते म्हणा. मी पुढचे टाके घालते. शनिवारच्या मुली विचारतात, "आजी, तुम्हाला कुणी शिकवलं?" मी म्हणते, असंच.

निघालात? बरं. पण लवकर या परत, नुसतं 'येतो' म्हणू नका, ते पुण्यात सगळेच म्हणतात. दुपारी या, मी घरीच असते. आणि येताना तुमच्या आईने हातांनी केलेलं काहीतरी घेऊन या — टोपडं असो, रुमाल असो, अर्धवट राहिलेलं असलं तरी चालेल. मला नुसतं बघायचंय. मी कुणाला दाखवणार नाही.